मंडळीच्या सेवेत जोखीम कोणी घ्यायची आणि सावधगिरी कोणासाठी बाळगायची?

नगरी_पंच (मूळ धागा)

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) कमिटीत गेले काही महिने एक वाद चालू आहे, आणि तो जुन्या मंडळ्यांतल्या अनेकांच्या ओळखीचा असणार, म्हणून इथे मांडतो. मागच्या पिढीने पै-पै करून जमवलेली एक मुदत ठेव मंडळीजवळ आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलांना गावातच ठेवून घ्यावे, त्यांच्या जेवणाखाण्याची आणि अभ्यासाची सोय करावी, म्हणजे त्यांची शाळा बुडणार नाही, असा तरुण संघाचा प्रस्ताव आहे. त्यासाठी चर्चच्या आवारातली रिकामी पडलेली बोर्डिंगची इमारत दुरुस्त करावी लागेल आणि ठेवीचा मोठा भाग मोडावा लागेल. ज्येष्ठ पंचांचा याला ठाम विरोध आहे.

दोन्ही बाजू वचनांनी सज्ज आहेत. तरुण बायबलातल्या मत्तय २५ मधल्या पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला देतात, तर ज्येष्ठ लूक १४ मधल्या बुरूज बांधणाऱ्याकडे बोट दाखवतात, ज्याने खर्चाचा अंदाज न घेता पाया घातला आणि मग लोकांत हसे करून घेतले. वचनाला वचन भिडले की सभा लांबते आणि ठराव काही होत नाही. जाता जाता एक नोंदवतो. त्या दृष्टांतातला धनी शेवटी म्हणतो की निदान पैसे सावकाराकडे ठेवले असतेस तरी मला व्याज मिळाले असते. तेव्हा मुदत ठेवीला पुरलेले धन म्हणणाऱ्यांनी तो दृष्टांत शेवटपर्यंत वाचावा.

माझे म्हणणे असे की 'धाडस करावे की जपून वागावे' हा प्रश्न या रूपात सुटणारच नाही, कारण त्यात जोखीम कोणाच्या खांद्यावर पडणार हे विचारलेलेच नसते. बायबलातले प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक चाळताना हे लख्ख दिसते. लुस्त्रात लोकांनी पौलाला दगडमार करून, मेला असे समजून नगराबाहेर ओढून टाकले, तर तो उठून पुन्हा त्याच नगरात गेला (अध्याय १४). यरुशलेमेस जाऊ नकोस म्हणून सोबत्यांनी रडून विनवले, तरी तो गेला (अध्याय २१). हाच माणूस सत्ताविसाव्या अध्यायात क्रीट बेटाच्या बंदरावर उभा राहून सांगतो की आता हंगाम उलटला आहे, पुढे निघालो तर मालाचेच काय, जिवांचेही नुकसान होईल. शताधिपतीने तांडेल आणि तारवाचा मालक यांचे ऐकले, तारू निघाले आणि वादळात सापडले. त्यावर २७६ माणसे होती. सगळे वाचले, पण तारू फुटले. स्वतःच्या जिवाबद्दल इतका बेफिकीर असलेला पौल दुसऱ्यांच्या जिवाची गोष्ट निघताच हिशेबी होतो, आणि मला यात कोणताही विरोध दिसत नाही.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या शेकडो मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. त्यांच्या आईवडिलांचा आणि बहिणीचा बळी पूर्वी मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाने घेतला होता, त्यामुळे आपण काय अंगावर घेत आहोत हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. या घटनेवर प्रवचने पुष्कळ होतात आणि 'विश्वासाने पाऊल टाकले' एवढ्यावर ती संपतात. मात्र मुली पुण्यात आल्या तेव्हा शहरात प्लेग होता, सरकारी निर्बंधांमुळे शारदा सदनात, म्हणजे विधवा मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेत, आणखी माणसे ठेवता येईनात, आणि अशा वेळी त्यांना न्यायला केडगावची जमीन हाताशी होती. (दौंड तालुक्यातले केडगाव, आमच्या नगरजवळचे नव्हे.) अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते आणि ती मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. मदत थांबल्यावर संस्था स्वतःच्या उत्पन्नावर चालावी, म्हणून फळझाडे लावण्याच्या विचाराने ही सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. केडगावला उभ्या राहिलेल्या मुक्ती मिशनच्या धाडसाला जागा मिळाली ती या दूरदृष्टीमुळे, आणि ही जमीन घेणे हा हिशेबी निर्णय होता. पुढच्या काही वर्षांत तिथल्या मुलींची संख्या हजारावर गेली तेव्हा शेती, दुभती जनावरे, विणकाम आणि छापखाना अशी कामे उभी राहिली. एवढ्या मुलींचे पोट केवळ बाहेरून येणाऱ्या देणग्यांवर अवलंबून ठेवणे बाईंना मान्य नव्हते.

प्लेगच्या काळात आपल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडले त्यावरून रमाबाईंनी सरकारी प्लेग व्यवस्थेविरुद्ध वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, आणि ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. सरकारची गैरमर्जी त्यांनी स्वतःच्या नावावर ओढवून घेतली. मुलींच्या जेवणाच्या, राहण्याच्या आणि औषधपाण्याच्या बाबतीत त्यांनी असे काहीही नशिबावर सोडले नाही.

म्हणून आमच्या कमिटीपुढे मी एवढाच प्रश्न ठेवला आहे. वसतिगृह फसले तर कोणाचे काय जाईल? पंचांची अब्रू आणि ठेवीचे व्याज जाणार असेल, तर भ्यायचे कारण नाही. मध्यावर पैसे संपले आणि जानेवारीत वीस-पंचवीस मुलांना उसाच्या फडावर परत धाडावे लागले, तर मात्र त्या मुलांचे वर्ष जाईल, कारण आमच्या भरवशावर त्यांच्या आईबापांनी त्यांना मागे ठेवलेले असेल. आपले अनुभव आणि मते अवश्य लिहावीत.

वसईकर

धागा आवडला. आमच्या कॅथलिक परंपरेतले एक उदाहरण जोडतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत पाण्याचा उपसा करणारी टँकर लॉबी आणि बिल्डर यांच्याविरुद्ध उघड भूमिका घेतली, तेव्हा धर्मगुरूने वेदीपाशी राहावे, रस्त्यावर उतरू नये, असे म्हणणारे आमच्यातही पुष्कळ होते. धमक्यांचे वातावरण होते आणि चर्चने यात पडावे का, हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता, कारण फादरवरचा राग साध्या भाविकांवर निघू शकत होता. तरीही ती चळवळ टिकली. त्याचे कारण माझ्या मते असे की विहिरी ज्यांच्या आटत होत्या ते बागायतदार आणि बायाबापड्या स्वतःच्या इच्छेने मोर्चात होत्या आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक होते. फादरनी त्यांना न विचारता संकटात लोटले नव्हते. तुमच्या 'कोणाच्या खांद्यावर' या प्रश्नाला माझी जोड अशी की ज्याच्या खांद्यावर जोखीम येणार, त्याने ती ऐकून, समजून कबूल केली आहे का, हेही विचारावे. ऊसतोड कामगार आईबापांना तुमच्या सभेत बोलावले आहे का?

निवृत्त_खजिनदार

मी एका जुन्या ट्रस्टचा हिशेब बरीच वर्षे सांभाळला आहे, म्हणून थोडे रूक्ष पण आवश्यक लिहितो. आपल्या बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असते. कलम ३५ प्रमाणे विश्वस्तांनी शिल्लक पैसा कुठे गुंतवायचा ते कायद्यानेच ठरवून दिले आहे, कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय जमीन-इमारत विकता येत नाही, आणि गहाण टाकून किंवा एरवी कर्ज काढायचे तरी मंजुरी लागते. तेव्हा 'विश्वासाने कर्ज काढू, प्रभू फेडील' हा मार्ग मुळातच बंद आहे, आणि तो बंद आहे याबद्दल मी कायद्याचा आभारी आहे.

बोर्डिंगची इमारत आणि आवार कोणाच्या नावावर आहे, हेही आधी पाहा. मिशनच्या जुन्या मालमत्ता अनेक ठिकाणी स्थानिक मंडळीच्या नावावर नसून वरच्या एखाद्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असतात. स्वतःचे पैसे घालून इमारत दुरुस्त करायची आणि नंतर ती भलत्याच कोणाच्या वादात अडकायची, हे मी पाहिलेले आहे.

परदेशातून मदत आणू असे तरुण संघात कोणी म्हणत असेल, तर त्यांना परकीय देणग्यांच्या कायद्यातली (एफसीआरए) २०२० ची दुरुस्ती वाचायला द्या. परकीय देणगी आता नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे, आणि एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी एखादी मोठी संस्था पैसे घेऊन खेड्यातल्या मंडळीला द्यायची, ती वाट संपली. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, म्हणून जे काही करायचे ते इथल्या पैशावर उभे राहील असेच धरून चाला.

राहिली मुदत ठेव. ती मोडण्याआधी मूळ ठरावाची वही काढा. एखाद्या कुटुंबाने विशिष्ट हेतूने दिलेली रक्कम त्यात मिसळलेली असेल, तर ती वसतिगृहाला वापरण्याचा अधिकार कमिटीला नाही, मग मतदान कितीही एकमुखी होवो.

कॅम्पातली_शिक्षिका

मूळ लेखकाच्या मांडणीशी मी बरीचशी सहमत आहे, पण ती पुरुषांच्या सोयीची वाटते. 'स्वतःची जोखीम' अशी सुटी गोष्ट संसारी माणसाजवळ फारशी नसते. रेव्हरंड टिळकांचे उदाहरण घ्या. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्या निर्णयाचे सारे गौरवाने बोलतात. त्या दिवसापासून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९०० साली त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला, तोवरची वर्षे त्यांनी कोणाच्या आधाराने आणि किती बोलणी खाऊन काढली! टिळक दारात आलेल्याला घरातली वस्तू उचलून देऊन मोकळे होत, आणि संध्याकाळी चूल कशी पेटवायची हा प्रश्न बाईंचा असे. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे शिष्य तिथे एकत्र असावेत, ही कल्पना मिशनच्या चौकटीत बसणारी नव्हती. दोनच वर्षांत, १९१९ साली, टिळक वारले. नेतृत्वाची सगळी भिस्त एका माणसावर असल्यामुळे दरबार पुढे वाढला नाही. धाडस खरेच मोठे होते, पण आपल्यामागे हे कोण चालवणार याची तजवीज त्यात नव्हती.

रमाबाईंबद्दलही एक बाजू राहिली. १८८९ साली शारदा सदन सुरू झाले तेव्हा तिथे धर्मप्रचार होणार नाही, असा शब्द समाजाला दिलेला होता. मुलींना रमाबाईंच्या प्रार्थनेला बसण्याची मोकळीक होती, त्यावरून १८९३ साली गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार म्हणून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. बाईंच्या श्रद्धेला दोष द्यावा असे मी म्हणत नाही, आणि दार बंद करून प्रार्थना करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण शिक्षण कोणाचे सुटले? ज्या विधवा मुली परत सासरच्या माजघरात गेल्या, त्यांचे. म्हणजे तुमच्याच कसोटीवर हा प्रसंग तुमच्या नायिकेला सोपा जात नाही.

यावरून तुमच्या वसतिगृहालाही लागू पडणारी गोष्ट निघते. मुलांमध्ये सर्व जातिधर्मांची मुले असणार. संध्याकाळची प्रार्थना कशी होईल, कोणी बसावे, कोणी न बसावे, हे आधी लेखी ठरवा, आईबापांना वाचून दाखवा आणि मग तो शब्द पाळा. सध्याच्या वातावरणात एक अफवा पुरेशी होते, आणि दगड मंडळीवर आला तरी घाबरून बिछाना गुंडाळणारी मुलेच असतात.

जुना_पाळक

शिक्षिकाताईंनी मांडलेले खरे आहे. तरीही सावधगिरीच्या नावाखाली जे चालते त्यावर कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. नीतिसूत्रांत आळशी म्हणतो की बाहेर सिंह आहे, मी रस्त्यात मारला जाईन. आमच्या कमिट्यांत सिंह बहुधा 'ऑडिट' किंवा 'लोक काय म्हणतील' या रूपाने येतो. उपासनेला माणसे रोडावली, तरुण कुटुंबे पुण्याला गेली, दानार्पण घटले, तरी त्याला कोणी जोखीम म्हणत नाही, कारण ते हळूहळू घडते आणि त्यावर कोणाची सही नसते. काही न करण्याच्या निर्णयाचीही इतिवृत्तात नोंद करायला लावा, कारणांसकट. मी एका मंडळीत तसे करायला लावले, तेव्हा तीन सभा टोलवलेला विषय चौथ्या सभेत मार्गी लागला.

मात्र दुसऱ्या टोकालाही एक इशारा हवा. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हे सैतान वचन उद्धृत करूनच म्हणाला होता, आणि प्रभूने ते नाकारले. स्वतःच उभा केलेला धोका म्हणजे विश्वास नव्हे. दिमिष्कात पौलही टोपलीत बसून तटावरून उतरलाच की!

नगरी_पंच

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षिकाताईंचा आक्षेप मी मान्य करतो, पण पूर्णपणे नाही. १८९३ चा प्रसंग रमाबाईंना सोपा जात नाही हे बरोबर आहे, आणि म्हणूनच १८९६ नंतरच्या मुक्तीचे महत्त्व मला अधिक वाटते. तिथे बाईंनी संस्था उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालवली, दुटप्पी अपेक्षांना जागा ठेवली नाही. शब्द देताना काळजी घ्यावी, हे त्या प्रसंगातून शिकण्यासारखे आहे. टिळकांबाबत माझ्याजवळ उत्तर नाही, लक्ष्मीबाईंची बाजूच वरचढ आहे.

वसईकरांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. पालकांना आम्ही अजून बोलावलेले नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने अनेक जोडप्यांना मोठे मूल धाकट्याला सांभाळायला फडावर हवेच असते, असे एका शिक्षकमित्राने सांगितले. म्हणजे आम्ही वीस खाटा घालू आणि बारा मुले येतील, किंवा दहा वर्षांच्या मुलीऐवजी तिचा भाऊच तेवढा येईल. हे घरोघर जाऊन विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि त्याला ठेवीतला एक रुपयाही लागत नाही.

खजिनदार साहेब, इमारतीचा उतारा काढायला सांगितले आहे.

कॅम्पातली_शिक्षिका

एक गोष्ट आधी लिहायची राहिली, आणि तीत तडजोडीला जागा नाही. लहान मुले रात्री मुक्कामाला राहणार असतील तर २०१२ च्या पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याखाली अशा कोणत्याही अत्याचाराची, नुसत्या शंकेचीही, माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि ती दडवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. 'मंडळीची बदनामी होईल, आपसांत मिटवू' ही सावधगिरी संस्थेसाठी असते, मुलासाठी नसते. मुलींच्या खोलीजवळ रात्री कोण झोपणार, किल्ली कोणाजवळ राहणार, पाहुणे पाळक आले तर त्यांची सोय कुठे होणार, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेले असावे. मुलींसाठी बाई वॉर्डन मिळत नसेल तर मुलींना घेऊ नका, आणि मुलींना घेता येत नसेल तर हे वसतिगृह कोणासाठी आहे याचा पुन्हा विचार करा. बालन्याय कायद्याखाली नोंदणी लागते का, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तर घेऊ नका.

जुना_पाळक

हंगामी वसतिगृहाची शासनाचीही योजना आहे. तुमच्या तालुक्यात ती कोणत्या शाळेत चालते ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाहा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सोबतीने संध्याकाळचे जेवण आणि अभ्यासिका एवढेच या वर्षी मंडळीने अंगावर घेतले, तर मुक्कामाची जबाबदारी आजी-आजोबांच्या घरी राहते आणि हंगामाच्या मध्यावर पैसे संपले तरी कोणाला परत धाडावे लागत नाही.

निवृत्त_खजिनदार

पाळकसाहेबांची सूचना हिशेबाच्या दृष्टीनेही बरी आहे. ठराव लिहिताना तीन वाक्ये घाला. या वर्षी फक्त ठेवीचे व्याज आणि नव्याने जमलेले दान खर्च होईल. मार्च अखेरपर्यंतच्या जेवणाची रक्कम पहिले मूल येण्याआधी वेगळ्या खात्यात जमा असेल. आणि ती अपुरी पडल्यास कमी पडेल तेवढी रक्कम भरण्याची हमी कमिटीतले कोण कोण वैयक्तिकरीत्या देत आहेत, त्यांची नावे सह्यांनिशी ठरावाखाली असतील. तिसऱ्या वाक्यावर तुमच्या पुढच्या सभेत किती हात वर होतात ते इथे जरूर कळवा.

नगरी_पंच

कळवतो. माझी आणि तरुण संघाच्या सचिवाची सही धरून चाला. ज्येष्ठ पंचांपैकी एकांना काल हा धागा वाचून दाखवला. ते बराच वेळ वही चाळत बसले आणि मग त्यांनी विचारले की हमीची रक्कम हप्त्याने दिली तर चालेल का.